गालाकडची टोकं

“उजवा गाल माह्याकडे करा, आबाजी.”

मी चहाचा कप खाली ठेवला आणि मान वळवली.

“आता नाक कोण्या हाताले आलं?”

“तुह्या उजव्या हाताले.”

“म्हणजे खालची उजवी दाढ गालाकडून पाह्यली, तर मेसियल बाजू माह्या उजव्या हाताले. डिस्टल डाव्या. बरोबर?”

“बरोबर.”

“आता डावा गाल.”

“अवं, त्याईले चहा तर पिऊ दे,” माझी बायको बायजा गॅसपाशी पोहे परतत म्हणाली. “बुढ्याची मान मोडली तर परीक्षेले काय घेऊन जाशीन?”

मेघा हसली नाही. तिने माझी हनुवटी धरली, चेहरा डावीकडून पाहिला, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटली आणि हनुवटी सोडली. पोह्यांचा डबा घेतला. चाकू, फूटपट्टी आणि मऊ फडकं पिशवीत आहे की नाही हे परत एकदा पाहिलं. मग चप्पल घालून दारात उभी राहिली आणि चप्पल काढून पुन्हा आत आली. कशासाठी आली ते तिलाही सांगता आलं नाही. परत गेली.

मेघा माझी नात. डेंटल कॉलेजात पहिल्या वर्षाला. उन्हाळ्यातल्या परीक्षेत सगळ्या विषयांत निघाली आणि एका गोष्टीत पडली, दात कोरण्यात. या मुलांना मेणाचा चौकोनी ठोकळा देतात आणि त्यातून चाकूने एक दात कोरून काढायला सांगतात. खरा दात असतो त्याच्या दुपटीएवढा, पण हुबेहूब. तिला खालची डावी दाढ सांगितली होती. तिने सुंदर दाढ कोरली, पण उजवी. डाव्या-उजव्याचा गोंधळ कसा झाला तर दारातून आत जाताना एका मैत्रिणीने काहीतरी विचारलं, हिने उत्तर दिलं, आणि डोक्यातली चित्रं उलटी झाली.

आज दुसरी संधी होती. ही गेली तर वर्ष गेलं. पण वर्षाचं मला एवढं वाटत नव्हतं. “याही खेपेले नाही जमलं तर मी सोडून देईन, आबाजी,” असं ती मला म्हणाली होती. आईबापाला नाही, फक्त मला, आणि हळू आवाजात. ही मुलगी ओरडून जे बोलते ते विसरून जाते. हळू बोलते ते करते.

मेसियल म्हणजे दाताची नाकाच्या रेघेकडची बाजू. डिस्टल म्हणजे तिच्या उलटी, मागची. गालाकडची बाजू बक्कल, जिभेकडची लिंग्वल. वरची चावायची बाजू ऑक्लुजल, आणि तिच्यावर ज्या टेकड्या असतात ते कस्प. हे सगळं मला पाठ झालं होतं. तिचं पुस्तक इंग्रजी, आणि मला मराठी वाचता येतं तेसुद्धा उशिरा आलेलं, बोट ठेवून. म्हणून तिने ही नावं मराठी अक्षरांत एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून भिंतीला लावली होती आणि रोज संध्याकाळी मी तिला तिथून प्रश्न विचारायचो. “बक्कल म्हणजे पट्ट्याचं ना वं?” असं मी पहिल्या दिवशी म्हणालो तेव्हा ती पोट धरून हसली होती. तेव्हा हसायची.

ती जी दाढ पाहून कोरायची, तीही माझीच होती. पावसाळ्यात माझी खालची उजवी दाढ इतकी ठणकायला लागली की मेघा मला तिच्याच कॉलेजात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरांनी ती उपटली. मेघाने ती मागून घेतली, औषधाच्या पाण्यात ठेवून स्वच्छ केली आणि त्या दिवसापासून तीच दाढ डाव्या हातात धरून उजव्या हाताने मेण कोरत बसायची. कॉलेजने दिलेला प्लास्टरचा नमुना उन्हाळ्यात परत घेतला होता. मैत्रिणींकडे मागायला ती तयार नव्हती. “हा खरा दात हाये,” म्हणायची. “प्लास्टरपेक्षा खरा बरा.”

मला अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू. माझ्या तोंडातली कोणतीही वस्तू कोणाच्या अभ्यासाला आली नव्हती. शिव्या सोडून.

मेघा गेली. मुलगा बुटीबोरीला कारखान्यात पहिल्या पाळीवर गेलेला, सून अंगणवाडीत. घरात आम्ही दोघं. मी बसलो, उठलो, अंगणात गेलो, परत आलो. दाढ काढल्यापासून डॉक्टरांनी सुपारी-तंबाखूचा खर्रा बंद केला होता. आयुष्यभर उजव्या गालात खर्रा धरून चक्कीवर दळण दळलं, आता गाल रिकामा आणि हातही रिकामे. अंगठा आपोआप तळहातावर चोळला जायचा. जीभ सारखी त्या मोकळ्या जागेवर जायची, तिथून मागच्या दाढेवर, तिथून परत खड्ड्यात.

“एका जागी बसा ना जी,” बायजा म्हणाली. “घरात बकरी बांधल्यावानी वाटून राह्यलं.”

“पोरीची परीक्षा हाये.”

“पोरीची हाये. तुम्ही काहून फिरून राह्यले?”

खिडकीच्या फळीवर मेघाने कोरलेले मेणाचे दात ठेवले होते. सुरुवातीचे वेडेवाकडे, मग सुधारलेले, शेवटचे अगदी गुळगुळीत. मी शेवटचा उचलला. अंगठा त्याच्या माथ्यावरून फिरवला. गालाकडची बाजू सपाट, उतरती. जिभेकडची कड उंच, धारदार. ओळखीचं वाटलं. पण बोटांना नाही, आणखी कशाला तरी. मी तो तोंडाशी नेला आणि जिभेच्या टोकाने तपासला.

“अरे बाप्पा!” बायजा ओरडली. “मेण कायले चाटून राह्यले? खर्रा सुटला त मेण धरलं का आता?”

जिभेने ओळखलं होतं. ही माझी दाढ होती. उपटण्याच्या आधी कितीतरी महिने तिची आतली कड माझ्या जिभेला कापत होती. तीच कड, तोच उतार.

मग मी मेघाचं जाडं पुस्तक काढलं. इंग्रजी अक्षरं मला वाचता येत नाहीत, पण चित्र तर चित्र असतं. खालच्या पहिल्या दाढेचं पान तिने घडी घालून ठेवलं होतं. त्या चित्रात गालाकडे तीन टेकड्या होत्या, गोल पण चांगल्या वर आलेल्या. जिभेकडे दोन, थोड्या अधिक उंच. मधे खोल खड्डे. मेघाच्या मेणाच्या दाढेत गालाकडच्या टेकड्या नव्हत्याच. मैदान होतं.

चक्कीच्या दगडी पाट्याला छिन्नीने टाकी लावली नाही तर तो असाच होतो. खाचा जातात, माथा गुळगुळीत होतो, आणि पीठ भरडं पडतं. माझ्या दाढेने आयुष्यभर सुपारी फोडली होती. तिची टोकं केव्हाच झिजून गेली होती. आणि पोरगी सगळा पावसाळा तीच झिजलेली दाढ हातात धरून, डोळे मिटूनसुद्धा जमेल इतकी, हाताला शिकवत बसली होती.

“बायजे, मी जातो.”

“कुठी?”

“कॉलेजात. ती माही दाढ कोरून राह्यली. पुस्तकातली नाही. बुढ्याची.”

बायजाने माझ्याकडे पाहिलं, मेणाकडे पाहिलं. “तिले समजत नसन का? ती शिकून राह्यली का तुम्ही?”

“फोन लाव तिले.”

तिने लावला. बंद होता. परीक्षेच्या दिवशी फोन जमा करतात, हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं.

“कोरायचं जेवणानंतर हाये म्हणत होती,” बायजा म्हणाली आणि खुंटीवरची माझी टोपी काढून हातात दिली. “सकाळी नुसते दात ओळखायचे. जा. पण पोरीले घाबरवू नका.”

मेणाची दाढ रुमालात बांधून मी निघालो. आमचं घर जरीपटक्याच्या अलीकडे, कॉलेज पार बेसाच्या पुढे. नागपूरचं एक टोक ते दुसरं टोक. इंदोरा चौकातून मेट्रोत बसलो. म्हाताऱ्यासाठी एका पोराने जागा दिली, पण मला बसवेना. मी दाराजवळ उभा राहिलो, जणू उभं राहिल्याने गाडी लवकर पोचणार होती. स्टेशनं येत होती, दारं उघडत होती, बंद व्हायला उशीर करत होती. जीभ खड्ड्यात जाऊन बसली होती. उज्ज्वल नगरला उतरलो आणि ई-रिक्षा केली. रिक्षावाल्याच्या गालात खर्रा होता. त्याचा वास आला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

“खाता का, काका?” त्याने पुडी पुढे केली.

“नाई गा. बंद केला.”

“मंग आता जगून काय करता?” तो हसला.

मी त्याचे दात पाहिले. उजवीकडे लालसर काळे, माथा सपाट. पूर्वी मला दिसलं नसतं. आता दिसत होतं आणि नकोसं वाटत होतं.

कॉलेजच्या फाटकावर गार्डने अडवलं. “परीक्षा चालू हाये. आत फक्त पेशंट.”

“मी पेशंटच हाये,” मी तोंड उघडून खड्डा दाखवला.

त्याने मान वळवली. “दाखवू नका मले, जेवायचं हाये अजून. तिकडे चिठ्ठी काढा.”

चिठ्ठी काढली. मला वाटलं होतं चिठ्ठी हातात आली की जिन्याने वर सटकता येईल. पण एका शिकाऊ डॉक्टर मुलीने हाताला धरून खुर्चीत बसवलं. तिच्या पांढऱ्या कोटावर वेदिका असं लिहिलेलं होतं. खुर्ची मागे झुकली, दिवा डोळ्यांवर आला.

“आ करा, आबाजी. काय त्रास आहे?”

“काही नाही. मी बरा हाये. मले वर जाऊ दे.”

“बरं असणारा माणूस इथे येतो का?” तिने आरसा तोंडात घातला आणि पलीकडच्या मुलाला सांगू लागली. खालची उजवी पहिली दाढ नाही. तिच्या मागच्या दाढेची ऑक्लुजल बाजू घासलेली. डावीकडच्याही घासलेल्या. गालाकडून डाग. “खर्रा खाता ना?”

“सोडला.”

“सगळे असंच म्हणतात.”

“अवं, खरंच सोडला,” मी आरशासकट बोललो. भिंतीवरचं घड्याळ मला दिसत होतं, त्याचे काटे दिसत नव्हते. “माही नात वर परीक्षेले बसली हाये. मेघा. पह्यल्या वर्षाची.”

वेदिकाने आरसा काढला. “रिपीटरची बॅच? मग आधी सांगायचं ना. दुसरा मजला, डाव्या हाताला. जेवायची सुट्टी चालू आहे. संपत आली असेल.”

गुडघे दुखतात म्हणून मी जिने टाळतो. त्या दिवशी गुडघे आठवलेही नाहीत.

वरच्या व्हरांड्यात पाच-सहा मुलं भिंतीला टेकून बसली होती. मेघा कठड्यापाशी उभी होती. पोह्यांचा डबा हातात, झाकण न उघडलेलं. तिच्याबरोबर तिची मैत्रीण मुग्धा, तीही उन्हाळ्यात पडलेली.

“आबाजी? तुम्ही इथं काहून? आजी बरी हाये ना?”

“बरी हाये. मलेच घरी करमत नव्हतं.”

“बघा ना आबाजी,” मुग्धा म्हणाली, “हिने सकाळचे सगळे दात बरोबर ओळखले. तरी खाऊन राहिली नाही. मी मात्र दोनदा जेवले.”

मेघा जराशी हसली. तिचे हात स्थिर होते. सकाळी दारातून परत आलेली मुलगी ही नव्हती. मी रुमालातल्या मेणावर हात ठेवला आणि माझा मीच थांबलो. सांगितलं नाही तर ती चुकीचा हात घेऊन आत जाईल. सांगितलं तर कापरा हात घेऊन जाईल. उन्हाळ्यात दारातल्या एका प्रश्नाने तिचं सगळं उलटं केलं होतं. आता दारात मी उभा होतो. यातलं काय बरं हे मला ठरवता येईना. तोंड उघडावं, मिटावं, असं चाललं होतं.

“काय झालं, आबाजी? काहीतरी हाये,” ती म्हणाली.

“एक प्रश्न विचारू?”

“विचारा.”

“खालच्या पह्यल्या दाढेले गालाकडं टोकं किती?”

“तीन.”

“कशी असतात?”

“गोल. जिभेकडच्यांपेक्षा जराशी बुटकी.”

“माह्या दाढेची कशी हायेत?”

“तुमची तर…” ती थांबली.

मी रुमाल सोडला. तिने मेणाची दाढ हातात घेतली, माथ्यावरून बोट फिरवलं. एकदा, परत एकदा. मुग्धाने वाकून पाहिलं.

“अगं, ही तर पूर्ण घासलेली आहे,” मुग्धा म्हणाली. “कस्प कुठे गेले हिचे?”

“सुपारीत,” मी म्हणालो. कोणी हसलं नाही.

“मी सगळ्या अशाच कोरल्या,” मेघा हळूच म्हणाली. “सगळ्याच्या सगळ्या.” आणि मग माझ्याकडे पाहून, “आत्ता सांगता, आबाजी? आत्ता?”

“सकाळी मले तरी कुठं माहीत होतं, बाई.”

आतून कोणीतरी दार उघडून नंबर पुकारले. मेघाने पोह्यांचा डबा माझ्या हातात दिला, मेणाची दाढही दिली, आणि मागे न पाहता आत गेली. दार लागलं.

मी तिथेच उभा राहिलो. शिपाई आला, “बाबाजी, इथं थांबता येत नाही,” म्हणाला. मी जिन्याच्या वळणापर्यंत उतरलो. तो गेला की परत चढलो. परत आला की परत उतरलो. शेवटी तो कंटाळला आणि त्याने मला बाकडं दाखवलं. पण बाकड्यावर बसणं माझ्याने होईना. दाराला वरती एक काच होती, तिच्यातून फक्त पंखा दिसायचा. मी कितीतरी वेळ तो पंखा पाहिला. मेण एकदा कापलं की परत जोडता येत नाही, हे मेघानेच मला सांगितलं होतं. मातीचा गणपती करणारा माती काढतो आणि लावतोही. यात लावणं नाही. फक्त काढणं. हात एकदा चुकला की चुकला.

मी का आलो? बायजाने सांगितलं होतं, घाबरवू नका. मी तर भूत दाखवल्यासारखं तिला तिचंच काम दाखवलं. न येता राहिलो असतो तर ती शांत मनाने सपाट दाढ कोरून आली असती, आणि सरांनी झिजलेली म्हणून सोडूनही दिली असती. असं एकदा वाटायचं. मग वाटायचं, नाही, त्यांनी पाडली असती, आणि ती घरी येऊन म्हणाली असती, खरा दात होता ना आबाजी, मग का पडले? मी काय सांगितलं असतं?

डबा उघडला. पोहे थंड झाले होते. एक घास घेतला, तो रिकाम्या जागेत जाऊन अडकला. डबा लावून टाकला.

मुग्धा आधी बाहेर आली. “तिला आत थांबवलंय,” एवढंच म्हणाली. “बाहेरून आलेले परीक्षक सर तिच्याशी बोलत आहेत.” मी विचारलं, रागावून का? ती म्हणाली, “आवाज चढला नव्हता, पण ते चढवतच नाहीत.”

मेघा सगळ्यांत शेवटी आली. नखांत मेण, कपाळावर मेणाचा एक बारीक तुकडा चिकटलेला. माझ्याजवळून सरळ जिन्याकडे गेली. मी मागे. खाली, फाटकाबाहेर, चहाच्या टपरीपर्यंत. टपरीवर तिने दोन चहा सांगितले आणि माझ्या हातातून डबा घेऊन उभ्या-उभ्या पोहे खाऊ लागली. अर्धे संपल्यावर म्हणाली,

“तुमच्यामुळं झालं.”

“काय झालं?”

“उजवी दाढ आली होती. डाव्या-उजव्यात काही गडबड नाही झाली, तुमचं नाक आठवलं. मुळं चांगली आली. बाजू चांगल्या आल्या. मग माथा कोरायला घेतला आणि हात आपोआप गालाकडं उतरायले लागला. मी त्याले धरून ठेवला. इतका धरून ठेवला की काही काढलंच नाही. टोकं तशीच राह्यली. उंच.”

“मंग चांगलं ना?”

“काय चांगलं! जिभेकडच्यापेक्षा उंच झाली. उलटं. सर म्हणाले, ‘हे काय? गालाकडची टोकं एवढी उंच? वाघाचा दात आहे का?’” तिने घास गिळला. “सगळे हसले. मले रडू यायले लागलं होतं.”

“मंग?”

“मंग मी सांगून टाकलं. म्हटलं, सर, मी माह्या आबाजीच्या दाढेवर प्रॅक्टिस केली, ती झिजलेली होती हे मले आज दारात कळलं, म्हणून भीतीनं उलटं झालं. मले वाटलं आता हे हाकलतात. त्याईनं मेण खाली ठेवलं आणि म्हणाले, ‘ती झिजलेली दाढ सांग मला. पुस्तक नको. तीच.’”

“काय सांगितलं?”

चहा आला. तिने हातात घेतला नाही. माझ्याकडे न पाहता, रस्त्याकडे पाहत बोलू लागली, तिथे सरांसमोर बोलली असेल तसं.

“खालची उजवी पहिली दाढ. पुरुषाची, वय झालेल्या. गालाकडची बाजू वरून खाली तपकिरी, हिरडीपाशी सगळ्यात गडद, कारण पेशंट त्याच गालात खर्रा धरायचा. मेसियल बाजूला शेजारच्या दाताला घासून झालेला चपटा डाग, नखाएवढा. डिस्टल बाजूला कीड, वरून दिसत नव्हती, आत पोकळ. माथ्यावर गालाकडचे तिन्ही कस्प गेलेले, मधे वाटीसारखं. जिभेकडचे दोन राहिलेले, पण त्यांची कड धारदार, पेशंटच्या जिभेले कापत होती. तो कोणाला सांगत नव्हता. जेवताना डावीकडून चावायचा, आणि आम्हाले वाटायचं त्याले हळू खायची सवय हाये.”

मी चहाचा कप धरून उभा होतो. माझ्याबद्दल इतकं बारीक कोणी बोललेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. कीड आत होती हे मलाही माहीत नव्हतं. हळू खाण्याबद्दल तर बायजा अजूनही टोमणे मारते.

“सर काय म्हणाले?”

“‘बस’ म्हणाले. अन् लिहिलं काहीतरी. झाकून लिहितात. हात आडवा धरून.” तिने चहा उचलला. “काय समजायचं ते मले समजलं नाही.”

“तुले काय वाटते?”

“मले वाटते तुम्ही दुपारी यायले नको होतं.” मग एक घोट घेऊन, “अन् असंही वाटते, नसते आले तर मी काय सांगितलं असतं?”

मी चहाचे पैसे दिले. मेट्रोत ती बसली, मी उभा राहिलो. मग ती उभी राहिली आणि मला बसवलं, आणि दोन स्टेशनांनी मी परत उठलो.

निकालापर्यंतचे दिवस घरात कोणी नीट बसलं नाही. मेघा झाडू घेऊन झाडलेलंच झाडायची. बायजा मला घरातून हाकलायची आणि कुठे गेले म्हणून शोधायला यायची. रात्री मुलगा विचारायचा, “काही कळलं का?” आणि उत्तर यायच्या आधीच, “बरं, बरं,” म्हणायचा. एकदा मी खर्र्याच्या टपरीपर्यंत गेलो आणि टपरीवाल्याच्या दातांकडे पाहून परत आलो.

निकाल भरदुपारी फोनवर आला. मेघा दाराच्या उंबऱ्यावर बसून स्क्रीन वर-खाली करत होती. मी तिच्या पाठीशी उभा. तिचं बोट थांबलं.

“पास,” ती म्हणाली.

बायजा आतून पिठाच्या हातांनी आली. “किती?”

“कोरायच्यात काठावर. एकदम काठावर, आजी. तोंडी परीक्षेनं वाचवलं.”

“काठावरली भाकर बी पोटातच जाते,” बायजा म्हणाली आणि तिच्या दोन्ही गालांना पिठाचे हात लावले. मग पदर डोळ्यांना लावून आत गेली आणि आतून मोठ्याने भांडी आपटायला लागली.

मला वाटलं मेघा आता उडी मारेल, मैत्रिणींना फोन करेल. तिने बापाला फोन केला, मुग्धाला केला. मुग्धाही पास झाली होती. तिच्याशी मात्र ती खूप हसली. मग फोन ठेवला, आत गेली आणि मेणाचा एक नवा ठोकळा आणि चाकू घेऊन परत उंबऱ्यावर येऊन बसली.

“आता कायले?” मी विचारलं. “झालं ना सगळं?”

“काठावर झालं, आबाजी.”

ती कोरू लागली. समोर काही धरलं नव्हतं, पुस्तक नाही, दात नाही. मेणाची पातळ सालपटं उंबऱ्याबाहेर पडत होती आणि वाऱ्याने अंगणात जात होती. मी शेजारी टेकलो. खूप वेळाने माथा दिसू लागला. जिभेकडे दोन टोकं, आणि गालाकडे तीन, गोल, थोडीशी बुटकी, पण होती. तिने बोट फिरवलं, मान हलवली, आणि मधल्या टोकावरून आणखी एक पापुद्रा काढला.

“ही कोणाची?” मी विचारलं.

“अजून ठरलं नाही,” ती म्हणाली. चाकू थांबला नाही.